निकॉन एफ-८०१ : खालच्या फळीवरचा कॅमेरा

आधी किमतीचं बोलू. बडोद्यात फाइन आर्ट्सच्या पोरापोरींमध्ये फिल्म रोलच्या कॅमेऱ्यांचं वेड परत आलंय आणि त्या सगळ्यांना निकॉनचा एफएम-२ हवा असतो, नाही तर पेंटॅक्सचा के-१०००. धातूची बॉडी, अंगठ्याने ओढायचा लिव्हर, सेल संपला तरी पडणारं शटर. मागणी वाढली तसा भाव चढला. आता तो कॅमेरा नुसता हातात द्यायलासुद्धा दुकानदार का-कू करतो. त्याच दुकानात खालच्या फळीवर १९८५ ते २००० च्या दरम्यानचे ऑटोफोकस एसएलआर (आरशामुळे लेन्समधूनच बघता येणारे आणि आपोआप फोकस लावणारे कॅमेरे) पडलेले असतात. काळे, गुबगुबीत, बटणंच बटणं. त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. माझा एफ-८०१ तिथला. ३५-७० झूमसकट साडेचार हजारांना मिळाला. पैसे मोजून घेताना दुकानदाराने वर बजावलं, "बेन, आ डिजिटल नथी. पछी पाछो नहीं लऊं." म्हणजे हा डिजिटल नाही, नंतर परत घेणार नाही.

असे ऑटोफोकसवाले मी गोळा करते. संग्रह म्हणावा असा काही थाट नाही. गोदरेजच्या कपाटाचा एक खण मला मिळालाय, त्यात मावतील तेवढे. मिनोल्टा ७००० आहे, कॅननचा ईओएस ६५० आहे, निकॉनचेच एफ-५०१ आणि एफ-९०एक्स आहेत. पण पिशवीत टाकून बाहेर पडताना हात जातो तो एफ-८०१ कडे, म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर.

"इलेक्ट्रॉनिक्स आहे, एक दिवस मरणार," हा या कॅमेऱ्यांवरचा ठरलेला आक्षेप. मी मकरपुऱ्याला जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) मेंटेनन्स बघते; असलं वाक्य ऐकलं की माप घेतल्याशिवाय मला राहवत नाही. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातला ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या सिग्नलचा आलेख स्क्रीनवर दाखवणारं यंत्र, रिकामाच असतो. कॅमेऱ्याचं मागचं दार उघडायचं, लेन्सच्या बाजूने टॉर्च मारायचा, फिल्मच्या जागी बारीक भोकाआड फोटोडायोड (उजेड ओळखणारा सुटा भाग) धरायचा आणि बटण दाबायचं. स्क्रीनवर जो उंचवटा येतो त्याची रुंदी म्हणजे शटरचा खरा वेळ. (टॉर्च जुना, बल्बवाला घ्यावा. काही एलईडी टॉर्चचा उजेड लुकलुकतो आणि रेघ दातेरी येते.) एका मैत्रिणीच्या सासऱ्यांचा जुना मेकॅनिकल कॅमेरा असा तपासला तर त्याचा १/१००० सेकंद प्रत्यक्षात १/६०० च्या आसपास निघाला. एफ-८०१ चा १/१००० जवळजवळ १/१०००च. यात जादू काही नाही. मेकॅनिकलमध्ये वेळ ठरवतात स्प्रिंगा आणि गिअर, आणि त्यांच्यावरचं तेल इतके उन्हाळे खाऊन घट्ट होतं. इथे शटरचे पडदे कधी सोडायचे ते इलेक्ट्रॉनिक ऑसिलेटर ठरवतो, त्याला तेल लागत नाही. सर्किट गेलं तर मात्र सगळंच गेलं, बडोद्यात त्याला कुणी हात लावणार नाही, हेही खरं. पण या भावात दुसरा घेता येतो. एफएम-२ वाल्यांना ते म्हणता येईल का?

आणि शटर तरी कसलं! १९८८ साली, १/८००० सेकंद. हा आकडा जाहिरातीपुरता नाही. मे महिन्यातलं बडोद्याचं ऊन आणि कॅमेऱ्यात २०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्मची उजेड टिपायची ताकद) कोडॅक गोल्ड रोल, अशी कल्पना करा. १/१००० वर अडकणाऱ्या कॅमेऱ्याला ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, एफ/८ पर्यंत बारीक करावंच लागतं, मग मागची रिक्षा, वायरी, पानाची टपरी सगळं लख्ख फोटोत येतं. इथे तुम्ही एफ/२.८ वर, म्हणजे भोक मोठं ठेवून, राहू शकता. कॅमेरा १/६४०० च्या आसपास जाऊन निभावतो. भर दुपारी सयाजीबागेत माणसाचा चेहरा मागच्या गर्दीतून सुटा काढायचा असेल तर हे फार कामाचं आहे. फ्लॅश सिंक (फ्लॅशबरोबर चालणारा सर्वात वेगवान शटर) १/२५० चं, तेही त्या काळात उत्तमच.

या वाणाचा मूळपुरुष मिनोल्टा ७०००, साल १९८५. त्याच्याआधी पेंटॅक्सने १९८१ मध्ये एमई-एफ काढून बघितला होता, पण त्याची फोकसची मोटर आणि सेल दोन्ही लेन्सच्या पोटात, त्यामुळे लेन्स बोजड. मिनोल्टाने फोकसची मोटर आणि रोल ओढायची मोटर बॉडीतच घातली आणि बाकीच्या कंपन्यांची झोप उडवली. पुढे हनीवेल या अमेरिकन कंपनीने पेटंटचा दावा लावला आणि १९९२ मध्ये मिनोल्टाला १२ कोटी डॉलरहून जास्त मोजावे लागले. निकॉनने १९८६ मध्ये एफ-५०१ आणला तो आपला जुना एफ माउंट (लेन्स अडकवायची कडी) तसाच ठेवून. कॅननने १९८७ मध्ये ईओएस ६५० बरोबर माउंटच नवा केला आणि जुन्या लेन्स एका फटक्यात निकालात काढल्या. घरात आधीच्या लेन्स असलेल्या माणसाला निकॉन का सोयीचा, ते इथेच कळतं. त्यावर पुढे येते.

बडोद्याच्या बाजारात याच कॅमेऱ्यावर "एन-८००८" असं लिहिलेलं दिसलं तर बिचकू नका. अमेरिकेत तो त्या नावाने विकला जायचा, आणि इथे दर दुसऱ्या सोसायटीत कुणी ना कुणी न्यू जर्सीला. तिकडून बॅगेत आलेले कॅमेरे आता माळ्यावरून खाली उतरतायत. मिनोल्टावर "मॅक्झम" असतं ते त्याचमुळे. पुण्या-मुंबईकडच्यांपेक्षा आम्हाला हा माल सुस्थितीत मिळतो असा माझा अनुभव आहे, कारण त्यातले बरेच कॅमेरे लग्नात एकदा नि सहलीत एकदा एवढेच वापरलेले असतात.

आता वापराचं. चार पेन्सिल सेल घातले की वजन पाऊण किलोच्या पुढे जातं. पेन्सिल सेल हा माझ्या दृष्टीने मोठा गुण. कॅननच्या त्या पिढीला २सीआर५ नावाचा लिथियम सेल लागतो, तो गल्लीतल्या किराणावाल्याकडे मिळत नाही. एफ-८०१ चे सेल संपले तर पानाच्या गादीवरही मिळतात. वर डाव्या हाताला चार बटणांचा चौकोन: मोड, आयएसओ, ड्राइव्ह, मल्टिपल एक्स्पोजर. बटण दाबून धरायचं, उजव्या अंगठ्याखालची चकती फिरवायची, एलसीडीवर आकडा बदलतो, संपलं. मेनूच्या पोटात मेनू हा प्रकार नाही. ॲपर्चर लेन्सवरच्या रिंगवर. माउंटच्या बाजूला फोकसचा खटका: एस (एकदा फोकस लावून थांबणारा), सी (सतत फोकस बदलत राहणारा), एम (हाताने). हे सगळं शिकायला एक दुपार पुरते आणि मग विसरायला होत नाही.

व्ह्यूफाइंडर चष्मेवाल्यांसाठी केलाय असं वाटावं इतका सोयीचा आहे. डोळा जरा लांब राहिला तरी चारही कोपरे आणि खालचे आकडे दिसतात. माझ्या मिनोल्टात चष्मा काचेला टेकवून डोकं तिरकं करावं लागतं. हा एकच मुद्दा चाळिशी ओलांडलेल्यांना पुरेसा व्हावा.

ऑटोफोकसबद्दल मात्र नीट सांगायला हवं, कारण इथेच लोक फसतात आणि "जुना आहे, बिघडलाय" म्हणून कॅमेरा परत विकतात. फोकसचा सेन्सर एकच आहे, मधोमध, आणि तो आडवा आहे. माझ्या माहेरच्या गल्लीत, दांडियाबाजारात, एका जुन्या वाड्याला आडव्या पट्ट्यांच्या लाकडी झडपा आहेत. व्ह्यूफाइंडरमधला फोकसचा कंस त्या पट्ट्यांवर धरला की लेन्स घर्र करत एका टोकाला जाते, घर्र करत दुसऱ्या टोकाला जाते, थांबते, आणि फोकस जमला नाही अशी खूण लुकलुकायला लागते. भर उजेडात, समोर काळ्यावर पांढरं इतकं स्पष्ट असताना! आता कॅमेरा उभा धरा. त्याच झडपा, तेच अंतर, आणि फोकस एका झटक्यात.

कारण असं. मुख्य आरशाच्या मागे एक छोटा आरसा असतो, तो थोडा प्रकाश खाली सेन्सरकडे वळवतो. तिथे लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या दोन प्रतिमा शेजारी शेजारी पडतात, आणि त्या एकमेकींपासून किती सरकल्यात ते मोजून कॅमेरा ठरवतो की लेन्स कुठल्या दिशेने, किती फिरवायची. सेन्सर आडवा, म्हणून सरकणं मोजायचं तेही आडव्या दिशेतलंच. आडवी पट्टी आडवी सरकली तर कळणार कसं? उभी कड हवी. घाटाच्या पायऱ्या, क्षितिज, शटरवाली दुकानं या सगळ्याला हा कॅमेरा नकार देतो. उपाय सोपा: जरा तिरका धरून बटण अर्धं दाबायचं, फोकस अडकला की बोट तसंच ठेवून पुन्हा सरळ करायचा. नंतरच्या एफ-९० मालिकेत उभा-आडवा दोन्ही बघणारा सेन्सर आला, त्यामुळे ही कसरत सुटली.

दुसरी कसोटी उत्तरायणाची. गच्चीवरून पतंग टिपताना पतंग कंसात असेपर्यंत सगळं ठीक. तो निसटला की मागे कोरं आकाश, आणि कोऱ्या आकाशात सेन्सरला पकडायला काहीच नाही. लेन्स टोकापर्यंत भटकून परत येईस्तोवर शेजारच्या गच्चीवर "काप्यो छेऽऽ" होऊन गेलेलं असतं. त्या दिवशी मी खटका एम वर टाकते आणि रिंग हाताने फिरवते. नवरात्रातल्या गरब्याला उजेड भरपूर, पण माणसं गोल फिरणारी. एकच माणूस धरून सी मोडमध्ये त्याच्या मागे राहिलं तर रोलमागे बऱ्यापैकी फोटो हाती लागतात. जिथे अंधारच आहे तिथे एसबी-२४ फ्लॅश लावावा. तो याच कॅमेऱ्याबरोबर आला होता. अंधारात समोर लाल उजेडाची नक्षी टाकतो आणि कॅमेरा तिच्यावर फोकस लावतो. लग्नाच्या हॉलमध्ये समोरचे लोक त्या लाल उजेडाने दचकतात, एवढाच तोटा.

मीटरिंगवर माझा भरवसा बसलाय. चौकटीचे पाच भाग करून प्रत्येकाचा उजेड वेगळा मोजतो; याला मॅट्रिक्स मीटरिंग म्हणतात. सुरसागरातल्या सोन्याने मढवलेल्या महादेवावर दुपारचं ऊन पडलेलं असताना जुना सेंटर-वेटेड (मधल्या भागाला जास्त वजन देणारा) मीटर घाबरतो आणि तलाव, आजूबाजूच्या इमारती सगळं काळवंडवून टाकतो. एफ-८०१ ने काढलेल्या निगेटिव्हमध्ये मूर्तीही शाबूत होती आणि पाणीही. फक्त मधल्या बारीक ठिपक्यातला उजेड मोजणारा स्पॉट मीटर मात्र यात नाही. तो हवा असेल तर १९९१ चा एफ-८०१एस शोधावा.

लेन्सबद्दल. माझे काका लग्नाचे फोटो काढायचे, त्यांची १०५ एमएम एफ/२.५ एआय-एस लेन्स माझ्याकडे आली. ती हाताने फोकस करायची लेन्स यावर चढते, मीटर चालतो, आणि फोकस बरोबर लागला की व्ह्यूफाइंडरमध्ये ठिपका स्थिर होतो. मॅट्रिक्स मिळत नाही, एक्स्पोजरचे मोड ए (ॲपर्चर आपण, शटर कॅमेरा) आणि एम (दोन्ही आपण) एवढेच, पण मिळतं ते भरपूर. दिसायला जास्त आधुनिक असलेल्या, निकॉनच्याच नंतरच्या एफ-८० वर हीच लेन्स लावली तर मीटर गप्प बसतो, हे खरेदीच्या आधी ठाऊक असलेलं बरं. उलट बाजूने, नव्या लेन्सची गत वाईट. जिच्या पोटात मोटर आहे ती एएफ-एस लेन्स यावर आपोआप फोकस करत नाही. ज्या जी लेन्सला ॲपर्चरची रिंग नाही ती फक्त पी आणि एस या, ॲपर्चर कॅमेराच ठरवतो त्या मोडमध्ये चालते. एएफ-पी लेन्सचा तर विचारच करू नका, तिचा फोकस हातानेही फिरत नाही. घरच्या डिजिटलची किट लेन्स लावून काम भागेल या आशेने घेऊ नका. साधी ५० एमएम एफ/१.८ एएफ-डी घ्या; तिच्यात मोटर नसते, बॉडीतली मोटरच तिला फिरवते. निकॉनच्या स्वस्त डिजिटल बॉडींमध्ये फोकसची मोटरच नसते, म्हणून ही लेन्स बाजारात बऱ्या भावात सुटते.

आता कुरकुर. हा कॅमेरा गोंगाट करतो. फोकसची घरघर वेगळी, आरशाचा आपटा वेगळा आणि रोल पुढे ओढणारी मोटर वेगळी. गणपतीत घरच्या आरतीला पहिला फोटो काढला तेव्हा सासूबाईंनी टाळ थांबवून मागे बघितलं. "अगं, ते काय किरकिरतंय? आरती होऊ दे की आधी." बीप बंद करता येतो, मोटरचा आवाज नाही. कीर्तनात, नाटकात, झोपलेल्या बाळापाशी हा नेऊच नये.

दुसरी कुरकूर रोल गुंडाळण्याची. दोन बटणं एकदम दाबली की मोटर रोल परत डबीत ओढते आणि टोकासकट आत गिळते. लॅबला द्यायचा असेल तर काही बिघडत नाही. मी ब्लॅक अँड व्हाइट घरी धुते, तेव्हा मला ते टोक बाहेर हवं असतं. म्हणून अंधाऱ्या पिशवीत हात घालून सोडा-बाटलीच्या ओपनरने डबीचं झाकण उचकटते. जुन्या एचपी-५ (ब्लॅक अँड व्हाइट फिल्म) च्या डब्या पुन्हा भरायची सवय असेल तर यात त्या डब्या वाया जातात. आणि हो, घरी भरलेल्या डबीवर डीएक्स कोडचे, म्हणजे कॅमेऱ्याला आयएसओ सांगणारे, चांदीसारखे चौकोन नसतील तर आयएसओ हाताने टाकायला विसरू नका.

घेताना काय बघावं? सेल बरोबर न्या, दुकानदाराकडचे वापरू नका. ट्रे काढून पत्र्यांवर हिरवी-पांढरी पूड आहे का ते बघा. थोडी असेल तर कापसाला व्हिनेगर लावून निघते, पण पत्रा खाल्ला गेला असेल तर सोडून द्या. मी एकदा ऑनलाइन "टेस्टेड, वर्किंग" म्हणून एक कॅमेरा मागवला होता. पाकीट उघडलं तर गळलेले सेल आतच चिकटलेले, आणि विकणारा "पाठवताना चालत होता" यावर ठाम. तेव्हापासून हातात घेतल्याशिवाय पैसे देत नाही. एलसीडीच्या कडेला शाई पसरल्यासारखा काळा डाग आहे का बघा. आकडे वाचता येत असतील तर तेवढ्यावरून भाव पाडून घ्या. मागचं दार उघडून शटरच्या पात्यांवर तेलकट डाग नाही ना, हे उजेडात तिरकं धरून बघा. दाराच्या बिजागरीजवळचा फोम बोटाला चिकटला तर तो बदलायचा आहे. ते काम घरी होतं. शेवटी कमी स्पीडवर, एक सेकंद आणि अर्धा सेकंद, शटर उघडून बंद होण्याच्या आवाजांमधलं अंतर तेवढंच वाटतं ना, याकडे कान द्या.

पावसाळ्यात बडोद्याची हवा लेन्सना बुरशी आणते, कॅमेरा कुठलाही असो. मी सगळ्या लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात निळ्या सिलिका जेलबरोबर ठेवते. दाणे गुलाबी झाले की जुन्या कढईत मंद आचेवर परतले की पुन्हा निळे होतात. ती कढई मग स्वयंपाकाला परत नाही.

खर्चाचं खरं दुखणं कॅमेऱ्यात नाही, रोलमध्ये आहे. रंगीत रोल हजाराच्या आगेमागे, वर धुणं आणि स्कॅन. आमच्याजवळच्या लॅबने रंगीत रोल घेणं बंद केलं, तेव्हापासून मी ते साठवून एकदम कुरियरने मुंबईला पाठवते. ज्या कॅमेऱ्यात छत्तीसपैकी तीस फोटो उजेडाला आणि फोकसला बरोबर येतात, तो या हिशेबात आपली किंमत स्वतःच वसूल करतो. मेकॅनिकलवर अंदाजाने मोजून तेवढे येतात असं म्हणणारे भेटतात. त्यांच्या निगेटिव्ह मी अजून बघितलेल्या नाहीत.

चार-पाच हजारांपर्यंत चांगल्या स्थितीतला एफ-८०१ मिळाला तर घ्या. कुणी सात-आठ सांगत असेल तर तेवढ्यात एफ-९०एक्स बघा: फोकस वेगवान, एएफ-एस लेन्सही चालतात. त्या मॉडेलच्या मागच्या दारावरचं रबरी पेंट वयाने चिकट होतं, त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना बनियन पुरतो. पेंट पूर्ण निघून खालचं काळं प्लॅस्टिक उघडं पडतं, पण कॅमेरा धरता येतो.